आकार ऑप्टिमायझेशन

भार घेणारी कुठलीही वस्तू, मग ती धरण असो नाहीतर गाडीतला ब्रॅकेट, तिचा आकार कॉम्प्युटरकडून शोधून घ्यायचा, माल कमीत कमी लागला पाहिजे पण वस्तू वाकता तुटता कामा नये, ह्याला आकार ऑप्टिमायझेशन म्हणतात. ह्याचे तीन प्रकार: साइझ प्रकारात फक्त जाडी बदलते, शेपमध्ये कडा सरकते, आणि टोपोलॉजीत भोक कुठं पाडायचं तेसुद्धा कॉम्प्युटरच ठरवतो.

कडेचं महत्त्व सातारकरांना कोयनेवरनं लगेच कळेल. धरण १०३ मीटर उंच, तळाला ७० मीटर रुंद, आणि माथ्यापासनं साधारण ३६ मीटर खाली आलं की डाउनस्ट्रीम म्हणजे पाणी नसलेल्या बाजूचा उतार एकदम बदलतो, कोपराच आहे तिथं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि तडे गेले ते बरोबर त्याच पट्ट्यात, कारण ताण कोपऱ्यात गोळा होतो. पुढं मागून टेकू देऊन धरण मजबूत केलं, आणि आज त्याचंच मॉडेल जगभर सॉफ्टवेअर तपासायला वापरतात. शेप ऑप्टिमायझेशनमध्ये अशा कोपऱ्याचे पॉइंट मोकळे सोडायचे, फायनाइट एलिमेंटनं, म्हणजे वस्तूचे बारीक तुकडे पाडून हिशोब करायच्या पद्धतीनं, ताण काढायचा, पॉइंट जरा सरकवला तर ताण किती बदलेल त्याचा हिशोब करायचा, कमी होईल तिकडं सरकवायचं, परत ताण काढायचा, असं फरक पडायचा थांबेपर्यंत. पण भूकंपाचा भार सांगायलाच विसरलात आणि नुसता पाण्याचा दाब न् धरणाचं वजन दिलंत, तर त्या कोपऱ्याबद्दल कॉम्प्युटर अवाक्षर काढणार नाही.

टोपोलॉजीचं मूळ मिशेल ह्या ऑस्ट्रेलियन इंजिनियरच्या १९०४ च्या पेपरात, कॉम्प्युटरची पद्धत मात्र १९८८ मध्ये बेंडसो आणि किकुची ह्यांनी आणली. सध्या जास्त चालणाऱ्या सिम्प पद्धतीत जागेचे बारीक चौकोन पाडतात, प्रत्येकाला ० ते १ घनता देतात आणि कडकपणा, म्हणजे न वाकण्याची ताकद, धरताना घनतेचा घन करतात (तीच संख्या तीनदा गुणतात). म्हणजे अर्धा माल घातला तर कडकपणा आठवा हिस्साच मिळतो, सौदा तोट्याचा, म्हणून चौकोन आपोआप एकतर भरतो नाहीतर रिकामा होतो. शेजारच्या चौकोनांची सरासरी धरणारा फिल्टर लावला नाही तर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी येते, ती खोटी असते, नवीन पोरं हमखास तिथं फसतात. सिगमंड ह्या डॅनिश प्राध्यापकानं २००१ मध्ये हे सगळं ९९ ओळींच्या प्रोग्रॅममध्ये बसवलं, शिकायचं तर तिथनंच. ए३८० विमानाच्या पंखातल्या पुढच्या कडेच्या फासळ्या टोपोलॉजीनंच हलक्या केल्यात.

उत्तर बहुतेक वेळा झाडाच्या फांद्यांसारखं येतं, आणि खरी गंमत फाउंड्रीत होते. मी असा एक ब्रॅकेट कौतुकानं सांगलीजवळच्या कुपवाडच्या फाउंड्रीत दाखवायला नेला तर पॅटर्नवाले (वाळूत साचा उठवायचा नमुना बनवणारे) मामा ड्रॉइंग उलटंसुलटं करत म्हणाले, "ओ साहेब, ह्यो वाळूतनं निघायचा कसा?" मी गप्प. तेव्हापासनं पॅटर्न कुठल्या दिशेनं उचलणार ते सॉफ्टवेअरला आधीच सांगतो, त्यानं वजन थोडं वाढतं पण पीस ओतता येतो.