फर्लोवर असताना नोकरी जाऊ शकत नव्हती?

कोरोनाकाळात ब्रिटनमध्ये पसरलेला समज: फर्लोवर ठेवलेल्याला कामावरून काढता येत नाही, आणि परतल्यावर नोकरी पक्की. (फर्लो म्हटलं की आपल्याला कैद्याची रजा आठवते, इथे अर्थ काम बंद असताना दिलेली पगारी सुट्टी.) दोन्ही चूक. मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१ चाललेल्या त्या योजनेत सरकार सुरुवातीला पगाराचे ८० टक्के, महिना २,५०० पौंडांपर्यंत, मालकाला देत असे. नोकरीची हमी त्यात कुठेच नव्हती. फर्लोवर असतानाही नोकरकपात करता येत होती.

धास्तावलेल्यांनी मग उलटी अफवाही खरी मानली: नोकरकपातीत मिळणारी भरपाई फर्लोतल्या घटलेल्या पगारावर मिळणार. जुलै २०२० अखेर कायद्यानेच ठरवलं, हिशोब नेहमीच्या पगाराचा. समजा वय ३०, नोकरी ५ वर्षं, आठवड्याला ४०० पौंड, फर्लोवर ३२०. भरपाई २,००० पौंड; १,६०० नव्हे. सलग २ वर्षं नोकरी झालेली नसेल तर मात्र कायदेशीर भरपाई नाहीच. पण फर्लोचे महिने नोकरीत धरले जात, म्हणजे घरी बसल्या बसल्या २ वर्षं भरली तरी हक्क लागू. त्या काळातली वार्षिक रजाही साठतच होती.