काटा ठीक दाखवतो, तेव्हाही

23 जुलै 1987. टोकियोत अंगाची लाही करणारा उन्हाळा. जेवणाच्या सुट्टीत उतरलेली विजेची मागणी दुपारी एकला कामे पुन्हा सुरू होताच मिनिटाला सुमारे 400 मेगावॉटने चढू लागली. उपकेंद्रांतले कपॅसिटर, म्हणजे व्होल्टेज सावरून धरणारी उपकरणे, भराभर जोडले गेले, तरी 500 केव्ही (किलोव्होल्ट) वाहिन्यांवरचे व्होल्टेज उतरतच राहिले. 1 वाजून 19 मिनिटांच्या सुमारास पश्चिमेकडे ते 370 केव्हीवर आले, रिलेंनी, म्हणजे बिघाड दिसताच आपोआप चालणाऱ्या संरक्षक उपकरणांनी, वाहिन्या तोडल्या आणि सुमारे 28 लाख ग्राहकांची वीज गेली.

यामागचे गणित निर्दयी आहे. भार वाढतो तसा वाहिनीतला प्रवाह वाढतो आणि वाहिनी स्वतःच जास्त रिअॅक्टिव्ह पॉवर गिळते; ही शक्ती प्रत्यक्ष काम करत नाही, पण व्होल्टेज टिकवायला ती लागते. ती कपॅसिटर भरून काढतात, पण त्यांची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 500 चे 370 झाले की कपॅसिटर जेमतेम 55 टक्के उरतो. मदत सर्वाधिक हवी, नेमकी तेव्हाच ती निम्म्यावर येते. त्यात टोकियोतले एसी व्होल्टेज घटले तरी तेवढीच शक्ती घेण्यासाठी प्रवाह वाढवत होते. आपल्याकडे कमी दाबावर चालवलेला शेतीपंप तापून जळतो, तोही असाच जास्त प्रवाह ओढून. पंपाला कपॅसिटर बसवा असे महावितरण सांगते ते याचसाठी.

मग धोका आधी कळावा कसा? संगणकात वीजजाळ्याची आत्ताची स्थिती घ्यायची, भार थोडाथोडा वाढवायचा आणि दर पायरीला व्होल्टेज काढायचे. आलेख आधी सावकाश उतरतो, मग झपाट्याने, आणि एका टोकावर वळतो. त्या टोकापलीकडे आणखी भार जोडला तर पोहोचणारी वीज वाढण्याऐवजी घटते. टोकाजवळ नेहमीची आकडेमोड अडखळते, म्हणून वळणाचा माग काढणारी वेगळी पद्धत वापरतात. आजचा भार आणि ते टोक यांतले मेगावॉटमधले अंतर, हेच खरे मोजमाप. एखादी वाहिनी किंवा जनित्र गेले असे धरून ते पुन्हा काढायचे. त्यांतले सर्वांत कमी अंतर विश्वासाचे.

नुसते व्होल्टेज पाहून निर्धास्त राहणे मला सर्वांत घातक वाटते. कपॅसिटर जितके जास्त, तितके ते टोक नेहमीच्या व्होल्टेजच्या जवळ सरकते. म्हणजे काटा जवळपास ठीक दाखवतो, आणि जाळे कड्यावर उभे असते.

अंतर फार कमी उरले, तर ट्रान्सफॉर्मरचे टॅप, म्हणजे बाहेरचे व्होल्टेज कमी-जास्त करणारे जोड, आपोआप बदलणे थांबवावे लागते. ते ग्राहकाचे व्होल्टेज सावरतात, त्याबरोबर त्याचा भारही परत आणतात आणि वरच्या वाहिनीवरचा ताण वाढवतात. तेही पुरले नाही, तर काही फीडर, म्हणजे वस्त्यांना वीज पोहोचवणाऱ्या वाहिन्या, काही सेकंदांत बंद करायचे. काही वस्त्यांची वीज तासभर जाते, पण बाकीचे शहर वाचते.