मराठीतील ध्वन्यनुकारी शब्द

प्राणी, वस्तू किंवा क्रिया यांच्या आवाजाची वर्णांनी केलेली नक्कल ज्यांच्या घडणीत जाणवते, अशा शब्दांचा वर्ग. व्याकरणग्रंथांत त्यांना ‘अनुकरणवाचक’ म्हणतात आणि त्यांची गणना बहुधा अभ्यस्त, म्हणजे द्विरुक्तीने बनलेल्या, शब्दांत होते. कावकाव, खळखळ, किलबिल ही उदाहरणे सर्वपरिचित आहेत. तथापि धस्स, चर्र, टक्क हे द्विरुक्ती नसलेले शब्दही याच वर्गात मोडतात, त्यामुळे ही वर्गवारी अपुरी पडते.

अशा शब्दांविषयीचा वाद प्राचीन आहे. यास्काने ‘निरुक्त’ या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरील ग्रंथात ‘काक’ हे नाव शब्दानुकृतीने, म्हणजे आवाजाच्या नकलेने, पडले असून पक्ष्यांच्या नावांत हा प्रकार पुष्कळ आढळतो, असे म्हटले आहे. तेथेच त्याने औपमन्यव या आचार्याचे विरुद्ध मतही नोंदवले आहे. औपमन्यवाला शब्दानुकृती मुळीच मान्य नव्हती, आणि ‘काक’ म्हणजे हाकलून देण्याजोगा, अशी व्युत्पत्ती पुढे केली गेली. यास्काचा काळ साधारणतः इ. स. पू. ५०० च्या आसपास मानतात, पण त्याबाबत एकवाक्यता नाही. संस्कृत व्याकरणकार पाणिनीने ‘अव्यक्तानुकरण’ (अस्फुट आवाजाचे अनुकरण) ही संज्ञा वापरून ‘पटपटाकरोति’ (‘पटपट’ असा आवाज करतो) यासारख्या रूपांसाठी स्वतंत्र सूत्र दिले, यावरून त्याच्या वेळी ही रूपे शिष्टभाषेत रुळली असावीत.

ती मुळात आली कोठून, हा प्रश्न अधिक बिकट आहे. ऋग्वेदात द्विरुक्त ध्वन्यनुकारी शब्द थोडे आहेत. मंडूकसूक्तातील (बेडकांवरील सूक्तातील) ‘अख्खलीकृत्या’ हे बेडकांच्या ओरडण्याशी निगडित रूप नेहमी उदाहरणादाखल घेतले जाते. उत्तरकालीन संस्कृत व प्राकृत यांत त्यांची संख्या वाढत जाते, आणि दहाव्या शतकातील पुष्पदंत या कवीच्या अपभ्रंश (प्राकृतानंतरच्या टप्प्यातील भाषा) काव्यांत तर त्यांची रेलचेल आहे. प्राचीन भारतीय-आर्य भाषेतील अशा शब्दांचा भाषाशास्त्रज्ञ कार्ल होफमान यांनी १९५२ मध्ये परामर्श घेतला. पुढे भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९६९ मधील लेखात, द्रविड भाषांतील विपुलता ध्यानात घेऊन, हा भारतीय भाषाक्षेत्राचा (शेजारामुळे सारखी वैशिष्ट्ये आलेल्या भाषांच्या प्रदेशाचा) समाईक विशेष असल्याचे व त्याचा प्रवाह द्रविड भाषांकडून आर्य भाषांकडे वाहिल्याचे प्रतिपादन केले. यावर असा आक्षेप घेता येतो की, एकच आवाज ऐकून दोन भाषा स्वतंत्रपणेही सारखा शब्द घडवू शकतात. परंतु कोंबड्याची बांग मराठीत ‘कुकूचकू’, जर्मनमध्ये ‘किकेरिकी’ आणि फ्रेंचमध्ये ‘कोकोरिको’ होते. म्हणजे ऐकण्यावरही भाषेचा संस्कार असतोच. शिवाय येथे साम्य सुट्या शब्दांपुरते नसून द्विरुक्तीच्या साच्याचे आणि वाक्यातील स्थानाचेही आहे. म्हणून क्षेत्रीय प्रसाराचे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘धाडकन’, ‘पटकन’ यांतील ‘-कन’ या प्रत्ययाचा उगम याच प्रश्नाशी जोडलेला आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) ‘-कन’च्या जोडीने ‘-कर’, ‘-दिनी’, ‘-दिशी’ हे पर्याय येतात. ‘-कर’ हे रूप सोबत असल्याने ‘करणे’ या धातूशी संबंध जोडणे स्वाभाविक आहे. उलट कन्नडात ‘दबक्कने’, ‘चटक्कने’ अशी रूपे असून त्यांतील अंत्य भाग ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूशी संबद्ध आहे. संस्कृतातील ‘झटिति’ (झटकन) या रूपातही ‘इति’ (‘असे’) हे दुसऱ्याचे बोलणे उद्धृत करण्याचे चिन्ह दिसते. व्युत्पत्ती ‘करणे’वरून मानली, तरी ‘-कन’च्या प्रसाराला कन्नडच्या शेजाराचा हातभार लागला असणे शक्य आहे.

जुन्या मराठीत ज्ञानेश्वरांच्या नावावरील विरहिण्यांत (विरहाच्या अभंगांत) ‘रुणुझुणु’, ‘घुणघुणा’ हे शब्द येतात. मात्र अभंगांचे पाठ दीर्घकाळ गायनपरंपरेतून आलेले असल्याने त्यांवरून तेराव्या शतकातील रूप निश्चित करताना सावधगिरी बाळगावी लागते.

अर्थाच्या दृष्टीने स्वरबदल महत्त्वाचा आहे. ढग गडगडतात, पोट गुडगुडते. दार करकरते, तर मूल किरकिरते आणि नाराज माणूस कुरकुरतो. ‘अ’कडून ‘इ’ किंवा ‘उ’कडे जाताना आवाज पुष्कळदा लहान, दबका किंवा चिवट होतो, पण हा नियम नसून कल आहे. ‘-आट’ने आवाजाचा जोर व सातत्य दाखवले जाते (कडकडाट, दणदणाट). ‘-ईत’ लागून झालेल्या विशेषणांत आवाज मागे पडून गुण उरतो. नाणे वाजवून पारखण्याच्या व्यवहारातला नाद ‘खणखणीत’ या शब्दात अजून ऐकू येतो, ‘झणझणीत’ रश्शात मात्र तो उरलेला नाही. रिकाम्या भांड्याच्या आवाजावरून ‘ठणठणाट’ म्हणजे अभाव, हा अर्थ आला, तर आजारातून उठलेला माणूस ‘ठणठणीत’ होतो. एकाच नादाचे असे दोन उलटे अर्थ व्हावेत, हे लक्षणीय आहे.

हाच साचा आवाज नसलेल्या अनुभवांनाही लागू पडतो. डोळे चुरचुरतात, गळू ठसठसते, छातीत जळजळते, पायाला झिणझिण्या येतात, चांदणी लुकलुकते, मोगरा घमघमतो. वेदनेच्या छटा सांगताना मराठी बोलणारा प्रामुख्याने याच शब्दांवर विसंबतो, आणि त्या छटा दुसऱ्या भाषेत नेणे अवघड जाते. अशा शब्दांना ‘ध्वन्यनुकारी’ म्हणणे काटेकोर नाही. कोशांनीही त्यांना सरसकट अनुकरणवाचक ठरवून पुढचा विचार टाळला आहे.

याउलट, पक्ष्याच्या आवाजात सार्थ वाक्य ऐकण्याचीही रीत आहे. पावसाळ्याच्या तोंडावर ओरडणारा पावशा महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा’ सांगतो. हिंदी भाषकांना त्याच हाकेत ‘पी कहाँ’ ऐकू येते.