काच कलाकाराच्या हातात आली ती छोट्या भट्टीमुळे

काचेचं शिल्प बघताना आपण रंग बघतो, आकार बघतो, पण मला विचाराल तर काचकामाचा इतिहास हा भट्टीचा इतिहास आहे. नुसती वाळू वितळवायची तर १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, सोडा घातला की ती बरीच आधी वितळते, पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते म्हणून चुना हवाच.

फुंकणी, म्हणजे वितळलेली काच फुंकून फुगवायची लांब नळी, नव्हती तेव्हा, म्हणजे इ.स.पू. १५०० च्या सुमाराला, इजिप्तचे कारागीर धातूच्या सळईवर माती आणि शेणाचा गाभा थापायचे, त्यावर वितळलेली काच चढवायचे, वरून दुसऱ्या रंगाच्या काचेची तार गुंडाळायची आणि ती मऊ आहे तोवर टोकदार हत्याराने वर-खाली ओढायची, की पिसासारखी नक्षी उमटते. गार झालं की आतला गाभा खरवडून काढायचा. एवढ्या खटाटोपातून काय निघायचं, तर हातात मावेल एवढी सुगंधी तेलाची कुपी! पण काय देखणी असते ती.

इ.स.पू. पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाईनच्या पट्ट्यात काच फुंकायला सुरुवात झाली आणि रोमन काळात काचेची भांडी साध्या घरांतही पोचली. १२९१ मध्ये आगीच्या भीतीनं व्हेनिसनं भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. पुढची कित्येक शतकं मोठी भट्टी, मोठी टीम असंच चाललं, डिझाइन एकाचं आणि फुंकणार दुसराच.

हे बदललं १९६२ मध्ये, अमेरिकेत टोलेडोच्या आर्ट म्युझियमच्या आवारात. हार्वी लिटलटन मूळचा सिरॅमिक्स शिकवणारा माणूस, त्यानं वर्कशॉपसाठी छोटी भट्टी बांधली पण पहिला घाणा फसला, मग काच-संशोधक डॉमिनिक लॅबिनोनं भट्टीत बदल सुचवले आणि फायबरग्लाससाठी बनवलेल्या काचेच्या गोट्या वितळवायला दिल्या. त्या नीट वितळल्या आणि एकटा कलाकार स्वतःच्या स्टुडिओत काच फुंकू शकतो हे दिसलं. स्टुडिओ ग्लासची चळवळ इथूनच वाढली.

पण घडवून झालं म्हणजे काम संपलं असं नाही हं. काच बाहेरून लवकर गार होते, आतून गरमच राहते, त्या ताणानं तडकते, म्हणून साधारण ५०० अंशांवर ठेवून हळूहळू निववावी लागते, छोट्या वस्तूला एक रात्र, जाड ओतीव शिल्पाला आठवडेसुद्धा. १९३४ मध्ये ओतलेली अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीच्या आरशाची ५ मीटरची काचेची तबकडी निवायला जवळपास १० महिने लागले होते.