उत्पन्नाचा दाखला की रेशनकार्ड? मुंबईत मोफत उपचारासाठी कुठे काय लागतं

मोफत उपचारांसाठीच्या राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण पेशंट वॉर्डात असताना त्याचा मुलगा किंवा जावई तहसील कार्यालयाच्या रांगेत उभा असतो आणि ज्या दाखल्यासाठी उभा असतो तो त्याच्या कामाचाच नसतो, हे मुंबईत अजूनही रोज घडतं. धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटेसाठी मात्र तोच दाखला मागतात, आणि तिथे लोक नेमके तो न घेता पोचतात. या दोन्ही सोयी वेगळ्या आहेत, त्यांचे नियम वेगळे आहेत, कागदही वेगळे आहेत. या लेखात दोन्हींची माहिती देतो, आणि आरोग्य धोरणावर देशात जो वाद चालू आहे त्याचा या कागदांशी काय संबंध आहे तेही सांगतो.

एकत्रित योजना: पात्र कोण

राज्याची योजना केंद्राच्या योजनेपेक्षा जुनी. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन्ही जिल्हे होते. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ ला आली आणि १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही एकत्र चालू लागल्या.

केंद्राने कुटुंबं निवडली ती २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेवरून. शहरांसाठी कचरावेचक, घरकामगार, फेरीवाले, बांधकाम मजूर, सफाई कामगार, वाहतूक कामगार असे ११ व्यवसायगट ठरले. पण नुसता व्यवसाय जुळून भागत नव्हतं, त्या यादीत नाव असावं लागत होतं. मुंबईतला भाडेकरू ११ महिन्यांच्या करारावर जगतो. २०११ मध्ये गोवंडीत राहणारं कुटुंब आज नालासोपाऱ्यात असेल, त्या वेळचा पाळण्यातला मुलगा आज कॉलेजात असेल. अशा शहरात इतक्या जुन्या यादीवरून गरीब कोण ते ठरवणं मला कधीच पटलं नाही.

म्हणून राज्याचा २८ जुलै २०२३ चा शासन निर्णय महत्त्वाचा. त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून झाली. राज्याच्या योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, ते ५ लाख झालं. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे पिवळं, केशरी, अंत्योदय, अन्नपूर्णा यांच्यासोबत पांढरं रेशनकार्डही पात्र झालं. रेशनकार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्राचा मार्ग आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या कुटुंबाला आता उत्पन्नाची अट उरलेली नाही.

दुसऱ्या राज्यातून आलेल्या माणसाला हे लागू होत नाही. त्याचं नाव त्याच्या राज्यात आयुष्मानच्या यादीत असेल, तर ते कार्ड मुंबईतल्या संलग्न रुग्णालयात चालतं. शेजारी राहणारा सुतार किंवा टॅक्सीवाला बिहार-उत्तर प्रदेशचा असेल, तर त्याला एवढं जरूर सांगा.

रेशनकार्डावरची नावं

खरी अडचण इथे होते. कार्ड घरात असतं, पण पेशंटचं नाव त्यावर नसतं. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरच राहिलेलं असतं. थोरला मुलगा वेगळा राहू लागला, त्याचं नाव जुन्या कार्डावरून कमी झालं आणि नवं कार्ड काढायचं राहून गेलं, असंही होतं. चाकरमान्याचं कार्ड कोकणात गावी असतं. यातली शेवटची गोष्ट तशी अडचणीची नाही. योजना राज्यभर एकच असल्यामुळे सिंधुदुर्गातलं किंवा साताऱ्यातलं कार्ड परळच्या रुग्णालयातही चालतं. फक्त ते गावाहून आणावं लागतं, म्हणून त्याचा स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि १२ अंकी क्रमांक लिहून ठेवा.

नाव घालायचं असेल तर तुमच्या भागाच्या शिधावाटप कार्यालयात अर्ज करायचा. सुनेसाठी माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला, विवाहाचा पुरावा आणि आधार लागतं. मुलासाठी जन्मदाखला. नवजात बाळाचं नाव कार्डावर नसणारच, तिथे बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांचं कार्ड आणि बाळासोबत त्यांचा फोटो यावर काम होतं. आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव यांत फरक असेल, म्हणजे एका ठिकाणी ‘बाळू’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बाळकृष्ण’, तर तो आजच दुरुस्त करून घ्या. घाईच्या वेळी याच एका शब्दावरून मंजुरी अडकते.

रुग्णालयात गेल्यावर

आधी हे रुग्णालय योजनेत आहे का आणि तुमच्या आजाराची विशेष शाखा त्यात आहे का, ते विचारून घ्या. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकांवर ही माहिती मिळते. एखादं रुग्णालय मूत्रविकारासाठी संलग्न असतं, हृदयविकारासाठी नसतं. शिवाय काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, ते खासगीत योजनेतून होत नाहीत. केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे ही नावं म्हणूनच सारखी पुढे येतात.

रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, कक्ष शोधा. रेशनकार्ड आणि फोटो असलेलं एक ओळखपत्र (आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना यांपैकी काहीही) त्याच्याकडे द्यायचं. तो नोंदणी करतो. डॉक्टरांचं निदान, तपासण्यांचे अहवाल आणि उपचाराचा प्रस्ताव रुग्णालय ऑनलाइन पाठवतं आणि पूर्वमंजुरी येते. हा सगळा अर्ज रुग्णालय करतं, तुम्हाला वेगळा फॉर्म विकत घ्यायचा नाही आणि कुणा एजंटाला पैसेही द्यायचे नाहीत. तातडीचा रुग्ण असेल तर फोनवर कळवून आलेल्या मंजुरीवर उपचार सुरू होतात, कागद मागाहून.

मंजूर झालेल्या पॅकेजमध्ये शस्त्रक्रिया, खाट, औषधं, तपासण्या, जेवण हे सगळं येतं. घरी सोडल्यावर १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधंही त्यातच. मंजुरी मिळाल्यावर कुणी बाहेरून औषध किंवा साहित्य आणायला सांगितलं, तर चिठ्ठी आणि पावती दोन्ही जपून ठेवा आणि आरोग्यमित्राकडे लेखी तक्रार द्या. तोंडी तक्रारीची नोंद कुठेच राहत नाही.

सत्तरीच्या पुढचे

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वयाचा आणि राहण्याचा पुरावा म्हणून फक्त आधार लागतं. आयुष्मान अ‍ॅपवरून किंवा राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या लाभार्थी पोर्टलवरून घरबसल्या नोंदणी होते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे. कुटुंब आधीच योजनेत असेल, तर घरातल्या ज्येष्ठांसाठी आणखी ५ लाख वेगळे मिळतात. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत असलेल्यांना दोन्हींतली एक निवडावी लागते. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येतं. जुना मधुमेह, जुना हृदयविकार असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं. चौकशीचा क्रमांक १४५५५.

इथे एक घोटाळा फार होतो. आभा क्रमांक म्हणजे आयुष्मान कार्ड नव्हे. आभा हा १४ अंकी क्रमांक तुमच्या तपासण्या-अहवालांच्या नोंदींसाठी आहे, त्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. सोसायटीच्या शिबिरात आभा काढून ‘आमचं कार्ड झालं’ म्हणून निश्चिंत बसलेले आजी-आजोबा मी पाहिलेत. तुमच्या घरच्या ज्येष्ठांकडे नेमकं काय आहे ते एकदा तपासून बघा.

धर्मादाय रुग्णालयातली खाट

मुंबईतली कितीतरी मोठी, महागडी रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय न्यास आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक प्रमाणे त्यांनी गरिबांसाठी खाटा राखून ठेवायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्यासाठी सविस्तर योजना घालून दिली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. खर्चासाठी प्रत्येक रुग्णालयाने सगळ्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. तिथे पूर्ण बिल भरणारा प्रत्येक पेशंट या निधीला हातभार लावत असतो. ही खाट कुणाच्या मेहरबानीची नाही, हे मनात पक्कं ठेवून बोला.

वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. निर्धन रुग्णाला खाट, डॉक्टर, परिचारिका, जेवण, नेहमीच्या तपासण्या मोफत, आणि औषधं-साहित्य निधीतून. दुर्बल घटकाला औषधं, साहित्य, इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदी दराने लावून त्याच्या निम्मी रक्कम भरावी लागते.

कागद: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, किंवा रेशनकार्ड अथवा दारिद्र्यरेषेखालील कार्ड, सोबत आधार. पिवळं कार्ड असेल तर सहसा त्यावर भागतं. बाकीच्यांकडे दाखला मागतातच, म्हणून तो तयार असावा. अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात होतो. मुंबई शहर जिल्ह्याचं काम फोर्टातल्या जुन्या जकात घरातून चालतं, उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीन तालुके आहेत. आधार, रेशनकार्ड, फोटो, पगाराची चिठ्ठी किंवा उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र जोडा. दाखल्यावर मुदत लिहिलेली असते, ती संपली असेल तर नवा काढा.

रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि दाखल होतानाच निर्धन रुग्ण योजनेतून प्रवेश हवा असं लेखी द्या. बिल तयार झाल्यावर मागितलं की ‘आधी का नाही सांगितलं’ असा प्रश्न येतो. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता लगेच दाखल करून जीव वाचवणारे उपचार करायचे, असं न्यायालयाच्या योजनेतच आहे. कागद नंतर.

दोन्हीकडे जमलं नाही तर मुख्यमंत्री सहायता निधी आहे. अर्ज, रुग्णालयाचं सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि वैद्यकीय अहवाल लागतात. पेशंट दाखल असतानाच अर्ज करा.

वाद कशावरून आहे

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो १.८४ टक्के होता. त्याच लेख्यांत एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधल्या ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ टक्क्यांवर आलेला दिसतो. ही घट मोठी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण योजना दाखल झालेल्या रुग्णाला मिळते. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, बाह्यरुग्ण विभागातली चिठ्ठी हे सगळं तिच्या बाहेर राहतं. पाच लाखांचं संरक्षण असलेला माणूस महिन्याच्या औषधाला पैसे नाहीत म्हणून गोळी अर्धी करून घेतो, आणि मग पक्षाघात झाल्यावर योजनेत येतो. माझ्या मते सुधारणेची पहिली जागा ही आहे.

दुसरा वाद पैसे कुठे घालायचे याचा. खासगी रुग्णालयं म्हणतात, पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि दावे वेळेवर फेडले जात नाहीत. म्हणून मुंबईत बऱ्याच नामांकित रुग्णालयांत योजना नाही आणि सगळा भार पालिकेच्या रुग्णालयांवर येतो. काही जण म्हणतात, दर वाढवा. माझा कल दुसरीकडे आहे. केईएमच्या आवारात नातेवाईक फुटपाथवर झोपतात, तिथे आधी खाटा, परिचारिका आणि औषधं वाढली पाहिजेत.

तिसरा प्रश्न नोंदींचा. २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या (देशाच्या महालेखापरीक्षकांच्या) अहवालात आयुष्मानचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले. अशा चुका सापडल्या की तपासणी कडक होते, आणि कडक तपासणीत पहिला अडकतो तो आधारवर नाव चुकलेला खराखुरा गरीब. बनावट नोंदी काढायलाच हव्यात, पण कागद जुळेपर्यंत उपचार थांबता कामा नयेत.

नकार मिळाला तर

योजनेतून नकार असेल तर कारण लेखी मागा आणि १५५३८८ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. धर्मादाय रुग्णालयाने खाट रिकामी नाही असं सांगितलं, तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑनलाइन व्यवस्थेवर राखीव खाटांची स्थिती बघता येते. तक्रार वरळीला डॉ. अ‍ॅनी बेझंट रस्त्यावरच्या धर्मादाय आयुक्त भवनात द्यायची. पेशंटचं नाव, दाखल होण्याची तारीख आणि वेळ, कुणाशी बोललात, काय उत्तर मिळालं, अनामत मागितली असेल तर किती, एवढं एका कागदावर लिहा. दाखला आणि पावत्यांच्या प्रती जोडा, आणि तुमच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका.