पांडाच्या पोटाचा हिशेब

बीजिंगच्या प्राणिसंग्रहालयात भर दुपारी पांडाघरासमोर गेलात तर पांडा बहुधा झोपलेला दिसेल. त्यावरून त्याला ऐतखाऊ ठरवणं मात्र चूक आहे.

चिंग राजवटीच्या अखेरीस, १९०६ साली, जुन्या सरदारी बागेच्या जागेवर शेतीचं प्रयोगकेंद्र निघालं, त्यातून हे प्राणिसंग्रहालय उभं राहिलं. कमळतळी, पूल, रचलेले खडक अजून आहेत. चिनी बागेत बांबू लावतात तो शोभेला. एकट्या पांडाला मात्र खायलाच दिवसाकाठी १२ ते ३८ किलो लागतो.

इतका कशाला? कारण पांडा अस्वलाच्या कुळातला, आणि आतडं मांसाहाऱ्याचं. शरीराच्या चार-पाच पट लांब. गाईचं वीसेक पट असतं. रवंथ नाही, चार कप्प्यांचं पोट नाही. पाला साधारण आठ तासांत बाहेर, आणि कोरड्या वजनातला जेमतेम १७ टक्के पचलेला. लेंडी फोडली तर पानांचे तुकडे हिरवेगार ओळखू येतात. (चीनच्या सिचुआन प्रांतात या खतावरचा चहा ‘आरोग्यदायी’ म्हणून अव्वाच्या सव्वा किमतीला विकला गेला. खत ते खतच!)

आवक वाढत नाही, तेव्हा खर्च कापायचा. २०१५ साली मोजमाप झालं: तेवढ्या वजनाच्या सस्तन प्राण्याच्या अपेक्षित ऊर्जेपैकी पांडा फक्त ३८ टक्के वापरतो. खरी गंमत थायरॉइडमध्ये आहे. तिथे प्रथिनावर आयोडीन चढवायला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. ते तयार करणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) ‘डीयूओएक्स२’ जनुकात पांडामध्ये एक अक्षर बदललंय, आणि त्या जागी ‘थांबा’ अशी खूण पडते. विकर अर्धवट, म्हणून शरीराच्या ऊर्जाखर्चाचा वेग ठरवणारं थायरॉइडचं संप्रेरक कमी. पातळी जवळपास शीतनिद्रेतल्या अस्वलाइतकी. माणसात हाच बिघाड थायरॉइडचा आजार ठरतो. शिवाय मेंदू, यकृत, मूत्रपिंडं शरीराच्या मानाने लहान. आत उष्णता थोडीच तयार होते, ती जाड लोकर धरून ठेवते. हीच लोकर बीजिंगच्या उन्हाळ्यात अंगाशी येते, म्हणून तेव्हा पांडा वातानुकूलित खोलीत असतात.

खाताना बघायचा असेल तर सकाळी दार उघडताच जा. पुढच्या पंजाकडे लक्ष द्या: सहाव्या बोटासारखं दिसतं ते मनगटाचं वाढलेलं हाड, त्याच्या आधाराने तो कांडं धरतो. आणि कधी बुळबुळीत गोळा पडलेला दिसला तर घाबरू नका. खरबरीत बांबूपासून आतड्याला वाचवणारा श्लेष्मा असा अधूनमधून बाहेर पडतो. तेवढा वेळ पांडा मलूल असतो, खात नाही, मग पुन्हा कांडं सोलायला बसतो.