झेरॉक्सच्या ड्रमपासून ओएलईडीपर्यंत : एका आकड्याची पार्श्वभूमी

सेंद्रिय पदार्थांतून, म्हणजे कार्बनच्या संयुगांतून, वीज वाहते, हा इतिहास सांगायला बसलं की बहुतेक जण 1977 पासून सुरुवात करतात. पॉलिअ‍ॅसिटिलीन या पॉलिमरच्या फिल्मला आयोडीनची वाफ दिली, तिची वाहकता कोटीपटीने वाढली, आणि 2000 साली त्या कामाला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे सगळं खरंच आहे. पण ठाणे स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत विद्युतभार वाहून नेणारा सेंद्रिय पदार्थ नोबेलची वाट न बघता रोज हजारो प्रती काढत होता. त्याची आठवण कुणी काढत नाही. शीर्षकातला आकडा त्याच भाराच्या चालीचा : मोबिलिटी, म्हणजे ठरावीक विद्युतक्षेत्रात भार किती झपाट्याने सरकतो याचं माप.

त्याआधीचं थोडक्यात. अँथ्रासीन या सेंद्रिय संयुगावर प्रकाश पडला की त्यातून वीज वाहते, हे 1906 पासून माहीत होतं. 1963 मध्ये त्याच अँथ्रासीनच्या स्फटिकाला सुमारे 400 व्होल्ट दिल्यावर तो उजळला. एवढ्या विद्युतदाबावर दिवा कोण लावणार? ते काम तसंच पडून राहिलं.

कॉपियरमध्ये मात्र पैसा होता. सुरुवातीचे ड्रम सेलेनियमचे असत. 1970च्या सुमारास सेंद्रिय लेप आला आणि लेझर प्रिंटर पसरले तसा तोच रूढ झाला. ड्रम बदलताना कधी नीट पाहा. अ‍ॅल्युमिनियमची नळी, तिच्यावर निळसर-हिरवट चकाकी. उघडा ठेवला की दुकानदार ओरडतो आणि आधी काळा कागद गुंडाळतो, कारण उजेडाने लेप खराब होतो. ती हिरवट झाक बहुतेक वेळा थॅलोसायनिनची. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रंगद्रव्यांचं काम केलेल्यांना हे नाव नवं नाही. अंधारात लेपाचा पृष्ठभाग उणे काहीशे व्होल्टपर्यंत चढवतात. प्रकाश पडतो तिथे खालच्या पातळ थरात भार तयार होतो आणि धन भार, म्हणजे होल, वरच्या वीसेक मायक्रॉनच्या थरातून पृष्ठभागापर्यंत जाऊन तिथला ऋण भार पुसतो. वरच्या थरात प्लॅस्टिकमध्ये विरघळवलेले अमाइनचे रेणू असतात आणि होल एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारतो, पावसात तुंबलेल्या गल्लीत आपण विटेवरून विटेवर जातो तसा. म्हणूनच तापमान वाढलं की हा प्रवास वेगवान होतो; शुद्ध स्फटिकात नेमकं उलटं घडतं.

या उड्यांचा वेग मोजायचा तर पातळ थराच्या एका बाजूवर प्रकाशाचा झटका द्यायचा आणि भार पलीकडे पोचायला किती वेळ लागतो ते पाहायचं. 1960च्या सुमारास अँथ्रासीनवर ही पद्धत वापरली गेली, पुढे कॉपियरवाल्यांनी ती उचलली. त्यातून निघणारी मोबिलिटी ड्रमच्या थरात 0.00001च्या आसपास येते (एकक चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद). सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनची 1400. तरी ड्रमचं अडत नाही : वीस मायक्रॉन आणि 600 व्होल्ट धरले तर होल मिलिसेकंदाच्या आत वर पोचतो.

खरा घोळ 1986 नंतरचा, सेंद्रिय ट्रान्झिस्टर आल्यावरचा. पॉलिथायोफीन नावाचा तोच सेंद्रिय पॉलिमर ट्रान्झिस्टरमध्ये 0.1 मोबिलिटी दाखवतो आणि डायोडमध्ये, म्हणजे दोन विद्युतअग्रांमधल्या साध्या थरात, 0.0001. हजारपटीचा फरक, आणि दोन्ही मोजमापं प्रामाणिक. ट्रान्झिस्टरमध्ये गेटखालच्या (गेट म्हणजे प्रवाह कमी-जास्त करणारं अग्र) पातळ पट्टीत भारांची इतकी दाटी होते की भार अडकवणारे खोल सापळे आधीच भरून जातात आणि उरलेले भार मोकळे पळतात. डायोडमध्ये भार विरळ, म्हणून ते अडकत अडकत जातात. 2003 मध्ये हे नीट मांडलं गेलं. तोवर कुठला आकडा छापायचा हे ज्याच्या त्याच्या सोयीवर होतं, आणि सोय नेहमी मोठ्या आकड्याची.

पुढे तर शर्यतच लागली. ट्रान्झिस्टरमध्ये मोबिलिटी काढतात ती प्रवाहाच्या वर्गमुळाच्या आलेखाच्या चढावरून. धातूचा संपर्क खराब असेल तर गेटचा व्होल्टेज वाढताना तो एकदम खुला होतो, आलेख सुरुवातीला ताठ चढतो आणि मग सपाटतो. ताठ भागावरून हिशोब केला की आकडा दहापट फुगतो. कित्येक निबंधांतले ‘विक्रम’ असेच होते. 2016 मध्ये हे उघडपणे लिहिलं गेलं. 2002 मधलं बनावट आकडेवारीचं प्रकरण गाजलं, त्यात एका माणसाची लबाडी होती. या घोळात लबाड कुणीच नव्हतं, म्हणून तो जास्त काळ टिकला, असं माझं मत.

प्रकाशाच्या बाजूने मात्र काम मार्गी लागलं. 1987 मध्ये दोन पातळ थर एकावर एक देऊन दहा व्होल्टच्या आत उजेड पडला. थर जेमतेम शंभर नॅनोमीटरचे असल्यामुळे मोबिलिटी कमी असून चाललं. आज खिशातल्या फोनचा ओएलईडी (सेंद्रिय प्रकाशक डायोडचा) पडदा सेंद्रिय आहे, पण त्याचा प्रत्येक ठिपका चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर सिलिकॉनचे किंवा धातूंच्या ऑक्साइडचे असतात. विक्रमी मोबिलिटीच्या सेंद्रिय ट्रान्झिस्टरला तिथे अजून जागा मिळालेली नाही.